तुरुंगातून लिहिलेला हेबियस अर्ज आणि अमेरिकेतली हद्दपारी

सह्याद्रीपार :

सुब्रमण्यम वेदम यांच्या बातमीवर इथे मागे चर्चा झाली होती. हळहळ सगळ्यांनाच वाटली, आणि दोघातिघांनी एक नेमका प्रश्न विचारला : ४३ वर्षांनी ज्याची शिक्षा रद्द होते, त्याला तुरुंगातून बाहेर पडता पडता पुन्हा कसं उचलतात, आणि ते थांबवायचा अधिकार कुणाला आहे? उत्तर लिहायला बसलो तर ते फार लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी वकील नाही. पेनसिल्व्हेनियात इमिग्रेशनच्या केसेस घेणाऱ्या एका वकिलांकडे कागदपत्रांचं काम करतो. तुरुंगातून हाताने लिहून आलेले अर्ज वाचणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे.

आधी वेदम यांची हकिकत. जन्म भारतातला, नऊ महिन्यांचे असताना आईवडिलांनी त्यांना रीतसर अमेरिकेत आणलं. वडील पेन स्टेट विद्यापीठात शिकवायचे. मुलगा स्टेट कॉलेज गावात वाढला, ग्रीन कार्डधारक होता. १९८० मधल्या एका खुनासाठी जन्मठेप झाली. १९८२ पासून ते आतच होते. गोळीच्या जखमेच्या मापाबद्दलची माहिती सरकारी पक्षाने बचावाच्या वकिलांना दिलीच नव्हती, हे पुढे उघड झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारने आरोप मागे घेतले, आणि ३ ऑक्टोबरला हंटिंग्डनच्या तुरुंगातून निघताना आयसीईने (इमिग्रेशन कायदा राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेने) त्यांना ताब्यात घेतलं. कारण होतं दशकांपूर्वीचा हद्दपारीचा आदेश. खुनाची शिक्षा गेली, तरी विशीतली एलएसडी विक्रीची जुनी केस कागदावर शिल्लक होती आणि सरकारने तिच्यावर बोट ठेवलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना एकाच दिवशी दोन ठिकाणांहून स्थगिती मिळाली. एक इमिग्रेशन न्यायाधीशाकडून, दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या फेडरल जिल्हा कोर्टातून. तोवर त्यांना लुईझियानात अलेक्झांड्रियाला हलवलं होतं. तिथल्या केंद्राला लागूनच धावपट्टी आहे.

दोन कोर्टं का, हे समजलं की बाकीचं समजतं. इमिग्रेशन न्यायाधीश हा न्यायपालिकेतला न्यायाधीश नसतो. तो न्याय विभागाचा, म्हणजे सरकारचाच नोकर. त्याच्या वर इमिग्रेशन अपील मंडळ असतं, तेही त्याच विभागातलं. त्याच्यापुढे स्वतःच्या पैशाने वकील आणता येतो, सरकार वकील देत नाही. मग कैद्याने सरकारबाहेरच्या न्यायाधीशापुढे जायचं कसं? त्याचा सर्वात जुना मार्ग म्हणजे हेबियस कॉर्पस. "मला कोणत्या कायद्याने धरून ठेवलंय ते दाखवा" एवढंच मागणं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात त्याचं संरक्षण आहे.

हद्दपारीविरुद्ध हा अर्ज शंभराहून अधिक वर्षं चालत आला. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा १८८२ मध्ये आला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात चिनी प्रवाशांच्या हेबियस अर्जांची रीघ लागली. वोंग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. १८९५ मध्ये चीनहून परत येताना त्याला बोटीवरच अडकवून ठेवलं. त्याने हेबियस अर्ज केला, आणि अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकन नागरिक, हा १८९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच अर्जातून आला. आज जन्मसिद्ध नागरिकत्वावर वाद घालताना ही गोष्ट फार कुणी आठवत नाही. एका अडकवून ठेवलेल्या माणसाचा "मला सोडा" एवढाच अर्ज होता तो.

आता कैद्यांच्या बाबतीतली सर्वात महत्त्वाची केस : एन्रिको सेंट सिर. हैतीचा नागरिक, १९८६ पासून ग्रीन कार्ड. मार्च १९९६ मध्ये कनेटिकटात अमली पदार्थ विकल्याचा गुन्हा त्याने तडजोडीने कबूल केला. त्या दिवशीच्या कायद्यानुसार हद्दपारी माफ करा, असा अर्ज त्याला करता आला असता. सात वर्षं कायदेशीर वास्तव्य, कुटुंब, नोकरी, सुधारणा हे सगळं तोलून न्यायाधीश ठरवायचा. ही नुसती नावाची सवलत नव्हती. १९८९ ते १९९५ या काळात दहा हजारांहून अधिक लोकांना ती मिळाली होती. पण एप्रिल आणि सप्टेंबर १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन कायदे केले आणि त्याच्यासारख्यांसाठी ती सवलत संपली. सरकार म्हणालं, आता माफी मागता येणार नाही, आणि कोणत्याही कोर्टाला हे तपासताही येणार नाही.

सेंट सिरने जिल्हा कोर्टात हेबियस अर्ज केला. २५ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, काँग्रेसने स्पष्ट शब्दांत काढून घेतल्याशिवाय हेबियसचा अधिकार जात नाही. दोन, जुन्या कायद्याच्या भरवशावर ज्यांनी गुन्हा कबूल केला, त्यांच्यावर नवा कायदा मागे जाऊन लादता येणार नाही. न्या. स्टीव्हन्स यांनी निकाल लिहिला, न्या. स्कालिया यांनी कडक विरोधी मत दिलं.

चार वर्षांनी काँग्रेसने ते "स्पष्ट शब्द" लिहिले. मे २००५ चा रिअल आयडी कायदा. विमानतळावर लागणाऱ्या ओळखपत्रामुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच कायद्याने हद्दपारीच्या आदेशाविरुद्धचा हेबियस अर्ज जिल्हा कोर्टातून काढून टाकला. तेव्हापासून आदेश चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर अपील मंडळाचा निर्णय झाल्यावर ३० दिवसांत थेट फेडरल अपील न्यायालयात पुनर्विलोकनाचा अर्ज करायचा. जिल्हा कोर्टात हेबियस उरला तो मुख्यतः "मला कोंडून ठेवणं बेकायदा आहे" एवढ्यासाठी.

आणि इथेच कैदी अडकतो. आमच्याकडे येणारे अर्ज साधारण असे असतात : रेघी कागदावर दहा-बारा पानं. मुलांची नावं, शाळा, बायकोचं आजारपण, वीस वर्षांचा कर भरल्याचा उल्लेख, तुरुंगात केलेले कोर्स. वर तुरुंगाच्या ग्रंथालयातून मिळालेला हेबियसचा छापील नमुना. शेवटच्या पानावर मागणं : "माझा हद्दपारीचा आदेश रद्द करावा." न्यायाधीश अर्ज वाचतो, आणि "या कोर्टाला अधिकारक्षेत्र नाही" असं दोन-तीन पानांत लिहून तो निकालात काढतो. मुलांबद्दलच्या दहा पानांवर कुणी काही बोलत नाही, कारण तिथवर जायची परवानगीच कायद्याने ठेवलेली नाही. अनेकदा तोवर ३० दिवस उलटलेले असतात.

याला उपाय अजिबात नाही असं नाही. मुदतीच्या आत चुकीच्या कोर्टात पोचलेला अर्ज न्यायहितासाठी योग्य कोर्टाकडे पाठवायची मुभा कायद्यात आहे, आणि काही न्यायाधीश ती आपणहून वापरतात. पण ३१ व्या दिवशी आलेल्या कागदाला ती फारशी उपयोगी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यापैकी कुणाचा नातेवाईक या चक्रात सापडला, तर "किती अन्याय" याआधी "कोणतं कोर्ट, कोणता जिल्हा, कितवा दिवस" हे विचारा. अन्यायाबद्दल बोलायची संधी त्यानंतरच मिळते.

रानजाई :

खूप नीट समजावलंत, आभार. माझ्या मावसभावाबद्दल विचारायचं आहे. ग्रीन कार्ड आहे, लहानपणापासून इथेच वाढला. अमली पदार्थांच्या केसमध्ये वकिलांनी सांगितलं म्हणून गुन्हा कबूल केला. इमिग्रेशनचं काय होईल ते कुणी बोललंच नाही. आता राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगतोय आणि आयसीईचा डिटेनर (शिक्षा संपली की आमच्या ताब्यात द्या, अशी नोटीस) लागलाय. मावशीला वाटतं, वकिलांनी सांगितलं नाही एवढं म्हटलं की कोर्ट ऐकेल. खरं आहे का?

सह्याद्रीपार :

रानजाईताई, मावशींचं म्हणणं निराधार नाही, पण ते वेगळ्या कोर्टात मांडावं लागतं. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. होजे पडिया होंडुरासचा, ४० वर्षं ग्रीन कार्डवर, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला. वकिलाने त्याला सांगितलं होतं की इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. ते साफ चुकीचं होतं.

मात्र ही तक्रार घेऊन हद्दपारीच्या केसमध्ये उभं राहिलं तर इमिग्रेशन न्यायाधीश म्हणतो, तुझी शिक्षा माझ्या दृष्टीने कायम आहे, ती आधी रद्द करून आण. ती रद्द करायला जिथे शिक्षा झाली त्या राज्याच्या कोर्टात जावं लागतं, आणि तिथे मुदती असतात. राज्याच्या कोर्टाने नाकारलं तर फेडरल कोर्टात शिक्षेविरुद्धचा वेगळा हेबियस अर्ज होतो, त्याला साधारण एक वर्षाची मुदत आहे. हे दोन हेबियस एकमेकांत मिसळू देऊ नका. त्या राज्यातला फौजदारी अपिलाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील दोघांनाही एकाच वेळी भेटा.

चौथा_मजला :

लेख माहितीपूर्ण आहे, पण मी सहमत नाही. आमच्यासारखे लोक दहा-पंधरा वर्षं एच-वन-बीवर काढतात, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे राहतात, साधं वेगमर्यादेचं चलन आलं तरी घाबरतात. परक्या देशात अमली पदार्थ विकणाऱ्याला परत पाठवलं तर त्यात कोर्टाने इतकं काय बघायचं? वेदम यांची गोष्ट अपवाद आहे. अपवादावरून कायदा ठरत नाही.

सह्याद्रीपार :

तुमची चीड मला समजते, आणि रांगेत उभं राहण्याची किंमत मीही मोजली आहे. पण हेबियस अर्जाने कुणाला देशात राहायचा हक्क मिळत नाही. अर्ज मंजूर झाला तरी सरकारला फार तर एवढंच सांगितलं जातं की आधी सुनावणी घ्या, किंवा सोडा, किंवा कायदा नीट लावा. सेंट सिरला सर्वोच्च न्यायालयाने माफी दिली नाही, माफीचा अर्ज करू दिला.

आणि अपवाद ओळखायचा कसा? वेदम ४३ वर्षं "खुनी" या सदरात होते. १९९० किंवा २००० साली तुम्ही-मी यादी बघितली असती तर त्यांचं नाव सर्वात आधी परत पाठवायच्या लोकांत घातलं असतं. कुणीतरी सरकारबाहेरचं कागद तपासतं तेव्हाच अपवाद दिसतो. एच-वन-बीवाल्यांनाही हे लागू आहे. व्हिसा रद्द केल्याची चूक सरकारकडून झाली आणि तुम्ही कोठडीत असाल, तर तुमच्यासाठीही हाच अर्ज आहे.

चौथा_मजला :

हा मुद्दा मान्य. तरी गंभीर गुन्ह्यात माफीची सवलत असू नये हे माझं मत कायम आहे. तपासणी व्हावी, याला विरोध नाही.

वकिली_नागपूर :

भारतातली बाजू मांडतो. आपल्याकडे कैद्याचं पत्रसुद्धा याचिका म्हणून स्वीकारलेलं आहे. सुनील बत्रा प्रकरणात तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते हेबियसची कार्यवाही म्हणून चालवून डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. मात्र परदेशी माणसाला बाहेर काढण्याच्या बाबतीत आपण काही फार उदार नाही. हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या १९५५ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे. तोही अटकेविरुद्धच आला होता, आणि हरला.

आणीबाणीत तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशाच्या नागरिकांनाही हा अर्ज नाकारला. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी मिसाबंदींचे अर्ज ऐकायची तयारी दाखवली होती. एप्रिल १९७६ च्या जबलपूर निकालाने ते सगळं पुसलं. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. तो निकाल अधिकृतपणे मोडीत निघायला २०१७ उजाडलं. म्हणून अमेरिकेतल्या काँग्रेसने २००५ मध्ये काय केलं हे वाचताना मला ते परकं वाटत नाही.

जुनी_पानं :

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. तुरुंगातून हेबियस अर्ज करून आपली पाठवणी रोखण्याचा प्रयत्न एका मराठी माणसाने १९१० मध्ये लंडनमध्ये केला होता. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली, ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवलं. १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली त्यांना खटल्यासाठी हिंदुस्थानात पाठवायचा आदेश बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटने दिला. त्याविरुद्ध हेबियस अर्ज झाला, फेटाळला गेला. अपील कोर्टानेही जूनमध्ये फेटाळला. मुंबईत ज्युरीशिवाय विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालणार, हे माहीत असूनही. १ जुलैला मोरिया बोट निघाली, ८ जुलैला मार्सेलिसची उडी. पुढे हेगच्या लवादानेही २४ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला.

त्यांच्या राजकारणाबद्दल इथे वाद नको. मला एवढंच दिसतं की पाठवायचा अधिकार आहे का, एवढंच कोर्टाने मुख्यतः पाहिलं. पाठवल्यावर काय होणार हा प्रश्न बोटीबरोबर निघून गेला.

सह्याद्रीपार :

जुनी_पानं, ही केस माझ्या डोक्यात आली नव्हती. सरकारं पाठवणीची घाई का करतात ते यात स्वच्छ दिसतं. एकदा माणूस हद्दीबाहेर गेला की कोर्टाच्या हातात फार थोडं उरतं.

वाटसरू_ऑस्टिन :

एक प्रश्न. आयसीई लोकांना रातोरात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेतं. मग "योग्य जिल्हा" कोणता? अर्ज केल्यावर हलवलं तर अर्ज बाद होतो का?

सह्याद्रीपार :

माझ्या मते सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे. नियम असा : अर्ज दाखल होतो त्या क्षणी माणूस जिथे बंद आहे, त्या जिल्ह्याच्या फेडरल कोर्टात अर्ज, आणि प्रतिवादी म्हणून तिथला वॉर्डन, म्हणजे तुरुंगप्रमुख. एप्रिल २०२५ मध्ये सरकार देशाबाहेर काढत असलेल्या व्हेनेझुएलाच्या नागरिकांच्या केसमध्येही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांचा एक अर्ज चालणार नाही, जिथे कोंडलंय तिथे हेबियस करा. त्याच निकालात हेही म्हटलं की बाहेर काढण्याआधी अर्ज करायला पुरेसा वेळ मिळेल अशी सूचना द्यावी लागेल. पुढच्याच महिन्यात टेक्सासच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की चोवीस तासांची सूचना, तीही अर्ज कसा करायचा हे न सांगता, पुरेशी नाही.

पण एकदा योग्य जिल्ह्यात अर्ज पडला की नंतर हलवल्याने कोर्टाचा अधिकार जात नाही. हा नियम १९४४ चा. मित्सुये एंडो ही जपानी वंशाची अमेरिकन नागरिक तरुणी, दुसऱ्या महायुद्धात घरातून उचलून छावणीत टाकलेली. तिने अर्ज केला, मग सरकारने तिला यूटामधल्या छावणीत नेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कॅलिफोर्नियाचं कोर्ट अजूनही ही केस चालवू शकतं. ती जिंकली.

आता २०२५ मधली दोन उदाहरणं बघा. जॉर्जटाऊन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना १७ मार्चला व्हर्जिनियात घराबाहेर अटक झाली. वकिलांनी लगेच व्हर्जिनियात अर्ज टाकला. त्यांना लुईझियाना, मग टेक्सासला नेलं. केस टेक्सासला न्यावी असा सरकारचा आग्रह होता. न्या. पॅट्रिशिया जाइल्स यांनी ती आपल्याकडेच ठेवली आणि १४ मे रोजी सुटकेचा आदेश दिला. टफ्ट्स विद्यापीठाची विद्यार्थिनी रुमेयसा ओझतुर्क हिची अटक मॅसॅच्युसेट्समधली, म्हणून अर्ज तिथे झाला. पण अर्ज पडला तेव्हा गाडी व्हर्माँटमध्ये पोचली होती. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी अर्ज फेटाळण्याऐवजी व्हर्माँटला पाठवला, आणि ९ मे रोजी तिथल्याच न्यायाधीशांच्या आदेशाने ती लुईझियानातल्या कोठडीतून सुटली. त्या रात्री कुणी अर्जच केला नसता तर सगळं लुईझियानात चाललं असतं.

दोघांकडेही पहिल्या चोवीस तासांत धावणारे वकील होते. हाताने अर्ज लिहिणाऱ्या कैद्याकडे ते नसतात, आणि त्याला कुठे नेणार हे नेतानाच कळतं.

मोगरा_दादर :

हद्दपारीचा आदेश झाला, पण देशच परत घ्यायला तयार नसेल तर माणूस किती दिवस आत राहतो? आयुष्यभर?

सह्याद्रीपार :

नाही, आणि ते हेबियसमुळेच. केस्तुतिस झडविडास १९४८ मध्ये जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, आईवडील लिथुआनियाचे. अमेरिकेत वाढला, गुन्हे केले, शिक्षा भोगली, हद्दपारीचा आदेश झाला. जर्मनी म्हणते आमचा नाही, लिथुआनियाही घेईना. सरकारचं म्हणणं, मग कोठडीतच राहू दे. २८ जून २००१ रोजी, सेंट सिरच्या निकालानंतर तीनच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशानंतर साधारण सहा महिन्यांपर्यंतची कोठडी वाजवी धरू. त्यानंतर नजीकच्या काळात पाठवणी होण्याची शक्यता दिसत नसेल तर सोडावं लागेल, देखरेखीखाली का होईना.

आपल्या लोकांसाठी एक कटू बाब. भारत नागरिकत्व पडताळून प्रवासाचा कागद देतो, त्यामुळे "मला कुणी घेत नाही" हा युक्तिवाद भारतीयांच्या कामी क्वचितच येतो. वकिलात कागद द्यायला महिनोन्‌महिने लावते आहे असं दिसलं, तर मात्र प्रत्येक पत्रव्यवहाराची तारीख जपून ठेवा.

वाटसरू_ऑस्टिन :

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला लष्करी विमानातून १०४ जण बेड्या घालून आणले, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांनी हा अर्ज का केला नाही?

सह्याद्रीपार :

सीमेवर नुकत्याच पकडलेल्यांना बहुतेक वेळा झटपट हद्दपारीच्या प्रक्रियेत टाकतात. त्यात फेडरल कोर्टाने काय तपासायचं हे फार आवळून ठेवलंय. श्रीलंकेचा एक तमिळ शेतकरी, थुराइसिगियाम, सीमेच्या आत पंचवीस यार्डांवर पकडला गेला. जिवाला धोका असल्याचं त्याचं म्हणणं अधिकाऱ्यांनी नाकारलं. त्याने हेबियस अर्ज केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हेबियस हा कोठडीतून सुटण्याचा मार्ग आहे, आश्रयासाठी नवी सुनावणी मिळवण्याचा नाही. न्या. सोटोमायोर यांचं विरोधी मत वाचण्यासारखं आहे. माझ्या मते त्या बरोबर होत्या. ज्याला परत पाठवल्यावर मारहाण होणार, त्याला "तू सुटायला मोकळा आहेस, तुझ्या देशात" असं सांगणं ही सुटका नव्हे.

अलीकडे वेगळी लाट आली आहे. वर्षानुवर्षे इथे राहिलेल्या, पण तपासणीशिवाय देशात शिरलेल्या लोकांना जामिनाची सुनावणीच मिळणार नाही, असं इमिग्रेशन अपील मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवलं. तेव्हापासून जिल्हा कोर्टांत हेबियस अर्जांचा पूर आला आहे. यात प्रश्न कोठडीचा आहे, आदेशाचा नाही, म्हणून २००५ चा कायदा आड येत नाही.

रानजाई :

दादा, माझ्या मावसभावाची शिक्षा अजून सहा महिने बाकी आहे. आत्ताच हेबियस अर्ज करून ठेवू का? मावशी रोज विचारते. तो स्वतः सही करू शकला नाही तर मी करू शकते का?

सह्याद्रीपार :

रानजाईताई, आत्ता केला तर बहुधा फेटाळला जाईल. बहुतेक अपील न्यायालयांचं मत आहे की नुसता डिटेनर लागला म्हणजे माणूस आयसीईच्या ताब्यात आला असं होत नाही. तो अजून राज्याचा कैदी आहे. पण हे सहा महिने वाया घालवू नका. हद्दपारीची सुनावणी तुरुंगात असतानाच, व्हिडिओवरसुद्धा, होऊ शकते. त्याच्यापुढे "मी हद्दपारी मान्य करतो" अशा अर्थाचा कागद आला तर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नको, हे त्याला आजच कळवा. त्याचा गुन्हा "अग्रॅव्हेटेड फेलनी" या, इमिग्रेशन कायद्याने गंभीर ठरवलेल्या गुन्ह्यांच्या वर्गात पडतो का, हे वकिलाकडून तपासून घ्या. पडत नसेल, पाच वर्षं ग्रीन कार्ड आणि सात वर्षं वास्तव्य असेल, तर हद्दपारी रद्द करण्याचा अर्ज इमिग्रेशन न्यायाधीशापुढेच करता येतो. आदेश विरोधात गेला तर मंडळाकडच्या अपिलाची मुदत त्या आदेशावरच लिहिलेली असते, ती पहिल्या दिवशी बघा. मंडळानेही नाकारलं तर त्या तारखेपासून ३० दिवसांत अपील न्यायालय. तिथे अर्ज केला म्हणून विमान आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

सहीबद्दल : कायद्यात कैद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने सही केलेला हेबियस अर्ज चालतो. मात्र त्याला स्वतःला का करता आली नाही हे लिहावं लागतं, आणि वकील नसताना तुम्ही कोर्टात त्याची बाजू लढवू शकत नाही. शुल्क पाच डॉलर. तेही नसतील तर माफीचा अर्ज करता येतो. अर्ज दखलपात्र वाटला तर कायद्याप्रमाणे सरकारला तीन दिवसांत, किंवा कारण दाखवून वीस दिवसांपर्यंत, उत्तर द्यावं लागतं. प्रत्यक्षात न्यायाधीश बरेचदा जास्त वेळ देतात, म्हणून अर्जासोबतच "या जिल्ह्याबाहेर हलवू नका" अशी तातडीची विनंती जोडा.

त्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक), जन्मतारीख आणि जन्मदेश मावशींकडेही लिहून ठेवा. आयसीईच्या ऑनलाइन शोधयंत्रात तो कुठे आहे हे त्यावरूनच सापडतं. शिक्षा संपायच्या आठवड्यात तिथे रोज बघा. हेबियसचा मसुदा वकिलाकडून आधीच तयार करून घ्या, आणि त्यात जिल्ह्याचं नाव, वॉर्डनचं नाव आणि तारीख या तीन जागा कोऱ्या ठेवा. त्याला कुठे नेलं हे कळेल त्याच दिवशी त्या भरून अर्ज टाकायचा.